रात्री अडीचला जागं कोण असतं?

फायरवॉल म्हणजे घरच्या इंटरनेटचा वॉचमन. त्याचा लॉग, म्हणजे नोंदवही, पहिल्यांदा उघडला तेव्हा अडवलेल्यांच्या लाल ओळी थांबायलाच तयार नव्हत्या. एक वाचून होईस्तोवर दुसरी हजर. घाबरलो, उगाच खोटं कशाला सांगू?

झालं होतं असं, की दौऱ्यावर असताना घरच्या पीसीवरच्या फायली मिळाव्यात म्हणून मी इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेतला आणि माळ्यावरच्या जुन्या पीसीत दुसरं लॅनकार्ड घालून ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर चढवलं. त्याआधी आमच्या राउटरला बाहेरून मिळणारा पत्ता 100.72 ने सुरू व्हायचा. 100.64 ते 100.127 हा पट्टा इंटरनेट कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना एकाच खऱ्या पत्त्यामागे बसवायला वापरतात. त्यामुळे आगंतुक सोसायटीच्या गेटवरच अडायचा. स्टॅटिक आयपी घेतला आणि आमचं दार थेट रस्त्यावर आलं.

सगळ्यात जास्त ओळी पोर्ट 23 च्या होत्या. पोर्ट म्हणजे यंत्राचं नंबर दिलेलं दार, आणि 23 म्हणजे टेलनेट, दुरून यंत्र चालवायची जुनी सोय. आमच्याकडे टेलनेट वापरणारं कुणी नाही, मग? 2016 साली मिराई नावाचा मालवेअर कॅमेरे आणि डीव्हीआरमध्ये याच दारातून शिरला होता, कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलत नाही या भरवशावर. त्याचा सोर्स कोड त्याच वर्षी उघड झाला आणि त्याची पिलावळ अजून हिंडते आहे. ‘पण माझ्याच मागे का?’ याचं उत्तर मात्र आकड्यांनी दिलं. आयपीव्ही4 या इंटरनेटच्या पत्तापद्धतीचे सगळे पत्ते मिळून 429 कोटी. मिशिगन विद्यापीठात 2013 साली झेडमॅप नावाचं साधन तयार झालं. चांगली गिगाबिट लाइन असली तर ते एक पोर्ट जगभर पाऊण तासाच्या आत तपासून येतं. भंगारवाला गल्लीतून ओरडत जातो तेव्हा तो आपल्याला हाक मारत नसतो, तसंच हे.

मग दुसऱ्या ओळी दिसल्या: आलेलं माहितीचं पाकीट गूगलच्या पत्त्यावरून, पोर्ट 443 वरून, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्या दारातून, आणि तरी अडवलेलं. शेवटी आरए नाहीतर एफए अशी अक्षरं, म्हणजे जोडणी संपवल्याच्या खुणा. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. निघालं ते साधंच. मोबाइल वायफाय सोडून 4जीवर जातो, फायरवॉल त्या जोडणीची नोंद पुसून टाकतो आणि समोरच्या सर्व्हरचा निरोप मागून पोचतो. वहीत नावच नाही म्हटल्यावर वॉचमन आत कसा सोडेल? डीफॉल्ट, म्हणजे आधीपासूनच असलेल्या, नियमाने अडवलेल्या पाकिटांची नोंदच मी बंद करून टाकली. लॉग एकदम शांत झाला.

तेव्हा कुठे आतून बाहेर जाणाऱ्या ओळी दिसल्या. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी होती. घरातल्या सगळ्या यंत्रांनी डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता, फायरवॉललाच विचारायचं, बाहेर परस्पर विचारलं तर अडवायचं आणि नोंदवायचं, असा नियम मी जाहिरातींसाठी केला होता. आणि घरातलाच 192.168.1.37 पत्त्याचा कुणीतरी रोज 02:30 च्या सुमारास 8.8.8.8 ला, म्हणजे गूगलच्या डीएनएसला, पोर्ट 53 या डीएनएसच्या दारावर विचारत होता. पाच-सात मिनिटं, धडाधड. रात्री अडीचला!

डीएचसीपीच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या, यादीतून त्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कच्या तुकड्याला कारखान्यात मिळालेला क्रमांक, काढला. पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते. नाव आलं हॉन हाय. आमच्या घरात या नावाचं काहीही नाही. (ही म्हणजे फॉक्सकॉन. आतला वायफायचा तुकडा तिचा, बाहेरचा शिक्का दुसऱ्याचा, हे नंतर डोक्यात आलं.) शेवटी एका रात्री चहाचा थर्मास घेऊन पहाऱ्याला बसलो. अडीच वाजले. .37 गप्प. लॉग चालू आहे ना हे बघायला लॅपटॉपवरून मुद्दाम 8.8.8.8 ला डीएनएस विचारलं. ओळ उमटली आणि तिच्यापुढे वेळ होती 21:00.

कपाळावर हात मारला. ओपीएनसेन्स बसवताना टाइमझोन बदलायचा राहिला होता. लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, मी भारतात. तीन दिवस मी तो रकाना बघत होतो आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिला नव्हता. 02:30 मध्ये साडेपाच तास मिळवा.

सकाळी आठला लॅपटॉप घेऊन दिवाणखान्यात बसलो. आईने रिमोट दाबला आणि .37 च्या ओळींची रांग लागली. टीव्ही आमचा डीएनएस सोडून परस्पर गूगलला विचारायचा, तिथे डाळ शिजली नाही की निमूटपणे फायरवॉलकडे यायचा. कार्यक्रम सुरू व्हायला जरा वेळ लागायचा तो यामुळेच.

“तू काहीतरी केलंयस टीव्हीला,” आई म्हणाली. तिचं म्हणणं चूक नव्हतं. अडवण्याऐवजी तो प्रश्न फायरवॉलकडेच वळवायचा असा नियम लावला. टीव्हीला वाटतं 8.8.8.8 नेच उत्तर दिलं. नोंद मात्र चालू ठेवली आहे.

गेल्या गुरुवारी मी दौऱ्यावर होतो. लॉग उघडला तर आठच्या ओळी नाहीत. घरी फोन लावला. आई दत्ताच्या देवळात गेली होती.