बद्द आवाज

देवबागला एका घरावर पर्यटकांसाठी दोन खोल्या चढवायच्या होत्या. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर; "तुमची फक्त सही हवी," असं फोनवर सांगितलं होतं. असं सांगितलं की मी हातोडी आठवणीने घेतो.

ओटीवरच्या पिलरला उभी भेग, वरून ताजा रंग. ठोकत वर गेलो. खाली खणखणीत, छातीच्या उंचीला आलो तर बद्द. छिन्नी लावताच वीतभर खपली पायाशी पडली. आतल्या सळईला गंजाचे पापुद्रे सुटले होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि काँक्रीट आतून फुटतं. सळई घासून मापली. 12 मिमीची 9 भरली. ऐकायला तीनच मिमी, पण छेदाचं क्षेत्रफळ 113 वरून 64 चौरस मिमीवर आलं होतं.

फुटलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. गडद गुलाबी! म्हणजे सळईला गंजापासून राखणारी काँक्रीटची अल्कता शाबूत, तरी सळई सडलेली. अशा वेळी संशय मिठावर. काँक्रीटमध्ये शिंपल्यांचे तुकडे दिसतच होते, वाळू खाडीची. चुरा लॅबसाठी पिशवीत भरला. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, जेमतेम 15 मिमी; काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 किनाऱ्यावर 45 मागतं.

घरच्या आजींचा नातू बारावीचा, सगळं टक लावून बघत होता. "हे शिकायला काय करायचं?" सीईटी, चार वर्षं सिव्हिल, मग स्ट्रक्चर घेऊन दोन वर्षं एम.टेक.; दहावीनंतर डिप्लोमा करूनही येता येतं. एवढं सांगून टाकलं. बद्द आवाज मात्र मला कॉलेजात कोणी ऐकवला नव्हता. पहिल्या साइटवर एका म्हाताऱ्या गवंड्याने माझा हात धरून ऐकवला.

आजी म्हणाल्या, "प्लास्टर मारल्यार झाला मा?"

नाही झालं. मीठ आत ठेवून नुसतं थिगळ लावलं, तर थिगळाच्या कडेला सळई आणखी जोरात गंजते. सळईच्या मागपर्यंत काँक्रीट काढायचं, नवी सळई जोडायची, पिलरला भोवतीने नव्या काँक्रीटचं जॅकेट करायचं. वरच्या खोल्या नाहीतच. हे सांगताना माझी नजर अंगणातल्या चिऱ्यांच्या थप्पीवर होती. चिरे आधीच येऊन पडले होते.

आजी बराच वेळ गप्प होत्या. त्यांचा मुलगा तर माझ्याशी बोललाच नाही. पण संध्याकाळी त्यानेच ओटीवरचा झोपाळा काढला आणि बीमखाली लोखंडी टेकू लावायला माझ्याबरोबर उभा राहिला.