खिळा मधोमध होता, तरी टायर बदलायला लावला

टायरच्या कामात इतकी वर्षं झाली पण परवाची केस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय. एक दादा गाडी घेऊन आले, मागचा डावा टायर पार बसलेला, खिळा बरोब्बर मधोमध. तसं हे आमचं रोजचं काम, जमिनीला टेकणाऱ्या भागात पंक्चर असेल आणि भोक 6 मिमीपेक्षा मोठं नसेल तर दुरुस्ती होते, साईडवॉलला म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला असेल तर नाही. दादा घाईत होते, म्हणाले, "भाऊ, भोकात बाहेरूनच रबराची स्ट्रिप मारा ना, पाच मिनिटांचं काम आहे."

साईडवॉलवर हात फिरवला तर रिमच्या जरा वर गोल पट्टा हाताला लागला, रबर तिथं खरखरीत झालेलं. विचारलं, हवा कमी असताना किती चालवली? म्हणे, "रात्र होती, पोरं सोबत होती, थांबायला जागाच नव्हती, आलो तसाच हळूहळू."

टायर रिमवरून उतरवून आडवा केला तर आतून काळा भुगा सांडला, मूठभर तरी असेल. हा भुगा दिसला की माझ्यासाठी विषय संपतो. हवा नसली की साईडवॉल प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते, आतलं रबर घासून निघतं आणि धागे उघडे पडतात, मग खिळ्याच्या भोकाला कितीही चांगला पॅच लावा, हवा टिकेलही, पण हायवेला तापल्यावर तो टायर कधीही फुटू शकतो.

दादा चिडले. टायर जेमतेम वर्षाचा, साईडवॉलवरच्या आठवडा आणि सालाच्या चार आकड्यांवरून मीपण बघितलं, नक्षी तर टायर झिजला हे दाखवणाऱ्या 1.6 मिमीच्या खुणेपासून कितीतरी वर. "खिळा मधे आहे आणि तुम्ही नवा घ्या म्हणता?" त्यांचा राग मला समजत होता, बाहेरून टायर नवाच दिसत होता ना. मी वाद घातला नाही, फक्त त्यांना टायरच्या आत बोटं फिरवायला सांगितली. मधल्या भागात गुळगुळीत लागलं, कडेला आले तसे बोटाला धागे लागायला लागले. हात काळा झाला, दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, "पोरं मागंच झोपली होती हो."

तेव्हाच थांबून स्टेपनी लावली असती तर टायर वाचला असता, आतून मशरूम पॅच लावून दिला असता, त्याचा दांडा भोक भरतो म्हणजे पाणी आतल्या तारांपर्यंत जात नाही. नुसत्या स्ट्रिपवर कायमचं सोडायला माझा जीव होत नाही.

त्याच मापाचा नवा टायर टाकला, बॅलन्सिंग केलं, स्टेपनीतली हवापण भरून दिली कारण तीही निम्मीच होती. जुना टायर दादा गेल्यावर लगेच साईडवॉलला कापून टाकला, तसाच ठेवला असता तर बाहेरून चांगला दिसतोय म्हणून कुणीतरी पॅच मारून परत गाडीला लावला असता.