लोणच्याचा खार

बरणीतला लोणच्याचा खार मी चमच्याने खायचे, तेही चोरून. सासूबाईंनी एकदा पकडलं. "डोहाळे लागलेत का गं?" वय माझं ४२!

वर्षभरात ११ किलो उतरले होते. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. एकाने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने टॉनिक, तिसऱ्याने "टेन्शन घेता" म्हणून झोपेच्या. चेहरा काळवंडला त्याचं क्रीम वेगळं. सलाईन लावलं की मात्र दोन दिवस टुणटुणीत. हे असं का, हे ना डॉक्टरांनी विचारलं, ना मी.

शेवटी उलट्या थांबेनात म्हणून अ‍ॅडमिट झाले. रक्तातलं सोडियम ११८, म्हणजे फारच कमी. तिथल्या मॅडमनी नाडी बघायला हात धरला आणि तळवाच न्याहाळत बसल्या. रेषांत शाई भरल्यासारखी. "आ करा." हिरड्यांवर काळपट डाग. मनगटावरचा सहा महिन्यांपूर्वीचा कुकरचा चटका कोळशासारखा, पण बारा वर्षांपूर्वीच्या सिझेरियनचा व्रण पांढराच. मग विचारलं, "खारट खावंसं वाटतं?" मी सासूबाईंकडे बघितलं.

सकाळी आठला रक्त घेतलं. कॉर्टिसॉल हे हार्मोन २ च्याही खाली, ते बनवायला लावणारं एसीटीएच कितीतरी पट जास्त. मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम करेनात, म्हणून मेंदूतली पिट्युटरी एसीटीएच ओतत राहते, आणि त्यानेच कातडी काळवंडते. अंगात मीठ टिकत नाही, म्हणून तो खार आणि म्हणूनच सलाईनचा गुण. अ‍ॅडिसनचा आजार. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ मध्येच लिहून ठेवलेला. त्याच्याही बऱ्याच रुग्णांना टीबी होता. माझ्याही दोन्ही ग्रंथी सुजलेल्या, सुई घालून तपासल्या तर टीबीच. खोकला एक दिवस नाही!

त्या ग्रंथींची उणीव भरून काढणाऱ्या गोळ्या, हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन, आता जन्मभर. टीबीचं रिफॅम्पिसिन हायड्रोकॉर्टिसोन लवकर संपवतं, म्हणून तेवढे महिने डोस वाढवला होता. ताप आला की डोस दुप्पट. उलटीत गोळी टिकली नाही तर हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन टोचून थेट दवाखाना. ते टोचायला ह्यांनी मोसंबीवर हात बसवला. पहिल्या दिवशी मोसंबीपेक्षा ह्यांनाच जास्त घाम.

अजूनही कधी बरणीकडे हात जातो. गेला की आधी गोळ्यांची डबी उघडून सकाळचा खण रिकामा आहे का ते बघते.