पाण्यावरचं दळण

आज उत्तराखंडमधल्या चोपत्याला जाताना गाडी पंक्चर झाली आणि त्या कृपेने आयुष्यात पहिल्यांदा चालू घराट बघितलं! गढवालात पाणचक्कीला घराट म्हणतात. ओढ्यातून काढलेला पाट, त्याच्या टोकाला पोखरलेल्या लाकडाचा उतरता पन्हाळ, आणि खाली आडवं लाकडी चाक. चाकाचा आस थेट वरच्या तळीला, म्हणजे जात्याच्या वरच्या दगडाला, जोडलेला. मध्ये ना दाते, ना पट्टा.

मला खरं वेड लावलं ते एका काटकीने. वर धान्याची टोपली टांगलेली, तिला बांधलेली ही काटकी फिरत्या तळीवर टकटक आपटत राहते. त्या हादऱ्याने दाणे पडतात. तळी जोरात फिरली की वैरण, म्हणजे आत पडणारे दाणे, जास्त; मंदावली की कमी. आपली आजी जात्यात मूठ मोजून घालायची, ते काम इथे काटकी करते!

घराटवाले काका दळणावळ पैशांत नाही, पिठातच घेतात. मी हात घातला, पीठ गारच. आमच्या गिरणीतलं घरी येईपर्यंत हाताला चटका देतं.

विजेच्या आणि डिझेलच्या चक्क्या आल्या, तशी बरीच घराटं बंद पडली. 2013च्या महापुरातही काही गेली. डेहराडूनच्या अनिल जोशींच्या 'हेस्को' संस्थेने मात्र सुधारित घराटांवर वीजही काढून दाखवली.

शाळेच्या सहलीत औरंगाबादची पाणचक्की पाहिली होती, पण तेव्हा लक्ष सगळं हौदातल्या माशांकडे.

काकांनी पसाभर मंडुव्याचं, म्हणजे आपल्या नाचणीचं, पीठ बांधून दिलंय. उद्या होमस्टेच्या चुलीवर भाकरी थापणार. गोल होईल याची हमी नाही.