त्यांच्या चार मात्रा

रविवार, रात्री उशिरा

कपाट आवरताना जुना पीएसपी, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचा डबा, हाती लागला. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं. ती काढून टाकली आणि बॅटरीशिवायच चार्जर लावून पाहिला, तर चक्क सुरू झाला. आत 'पातापोन'ची डिस्क होतीच. तिची ती घरघर ऐकली आणि आवराआवर तिथंच राहिली.

२००७ साली जपानात आलेला हा गेम. एकेका मोठ्या डोळ्याची काळी इटुकली सेना, आपण तिचा देव, आणि देवाच्या हातात काय तर नुसते ढोल! चौकोनाचं बटण पाता, गोलाचं पोन. पाता-पाता-पाता-पोन वाजवलं की सेना पुढं निघते, पोन-पोन-पाता-पोन वाजवलं की भाले सुटतात. गोष्ट मी साफ विसरले होते. अंगठे मात्र काही विसरले नव्हते.

तरी फीवर काही लागेना. न चुकता ठोके पडत गेले की सेना चेकाळते, तो फीवर. माझा ताल दर दोन-तीन आवर्तनांनी तुटत होता. मग लक्षात आलं, ठोके बरोबर आहेत, चुकतंय ते थांबणं. आपल्या चार मात्रा झाल्या की पुढच्या चार त्यांच्या, म्हणजे सेनेतल्या इटुकल्यांच्या. तेवढ्यात ते आपलेच बोल गाऊन दाखवतात. मी त्यांचं गाणं संपायच्या आतच पुढचं पाता हाणत होते. (समोरच्याचं वाक्य तोडायची माझी खोड घरात सगळ्यांना ठाऊक आहे.)

मध्यंतरी याचीच नवी आवृत्ती टीव्हीवर, ब्लूटूथ स्पीकर लावून खेळले होते. तिथं बटण दाबल्यावर ढोल किंचित उशिरा ऐकू यायचा. तालाच्या खेळात तो 'किंचित' म्हणजे सगळंच गेलं. आज हेडफोनचा एकच कान वाजत होता, पण वेळेवर वाजत होता. आवाज पूर्ण बंद करून, पडद्याची चौकट तालावर लुकलुकते तिच्यावरही खेळून बघितलं. छे! डोळे कानांच्या मागेच राहतात.

झेंडेकरी हातापोन पडला की मोहीम संपते. आज तो तीनदा पडला. चौथ्या खेपेला त्यांच्या मात्रांत अंगठे सरळ वर उचलून धरले, आणि लागला फीवर! सगळी पलटण नाचायला लागली, मीही पाय आपटायला लागले.

पाय वायरीवर पडला. पडदा काळा. सेव्ह अर्थातच केलेलं नव्हतं.