न्यायनिर्णय कशाला म्हणावे?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात पेरणी जवळ आली की धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बैलबंडी नेण्याचे वाद उभे राहतात, आणि तंटामुक्ती समितीत समेट होवो, लोकअदालतीत तडजोड होवो की तहसीलदारांचा आदेश निघो, सगळ्यालाच आपण सरसकट ‘निकाल’ म्हणतो. त्यामुळे पुढे शेतकऱ्याचे नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही पक्षांना नोटीस देऊन, त्यांचे म्हणणे व पुरावा घेऊन, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने वादप्रश्नावर कारणांसह दिलेला बंधनकारक निर्णय म्हणजे न्यायनिर्णय. त्याला पक्षकारांची संमती लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून वाट देण्याचा दावा ठरवतात, तो असा निर्णय असतो. शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी वाजवी वाटेची किती गरज आहे, हे त्यांना त्या वेळी विचारात घ्यावेच लागते. पूर्वापार वहिवाटीचा रस्ता कुणी काटेरी कुंपण घालून अडवला असेल, तर मात्र मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ लागू होते आणि अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडेच दाद मागावी लागते. भाऊबंदांच्या मनधरणीत ही मुदत निघून जाते, हे फार वाईट आहे.

२००७ पासून गावोगावी काम करणाऱ्या तंटामुक्ती समित्यांबद्दल मला आदर आहे, कारण धुरा दोघांचा सामाईक असतो आणि उद्याही तिथेच भेटायचे असते. पण समिती समेट घडवते, न्यायनिर्णय करत नाही. लोकअदालतीलाही न्यायनिर्णयाचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. तडजोड न झाल्यास प्रकरण मूळ न्यायालयात परत जाते. तडजोड झाली, तर तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो आणि त्यावर अपील नसते, म्हणून पेशीला कंटाळून किंवा चार लोकांच्या भिडेपोटी तिथे सही करू नये.

तहसीलचा आदेश हाती आल्यावर प्रथम त्यातील कलम पाहावे. कलम १४३ खालील आदेश मान्य नसल्यास आदेशाच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत दिवाणी दावा दाखल करता येतो. १९०६ च्या अधिनियमाखालील आदेशाविरुद्ध अपील नाही, फेरतपासणीचा अर्ज करावा लागतो.