पद्मिनीचं ऑइल: मार्च ते ऑगस्टची नोंद

गाडी १९८९ची पद्मिनी, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, मुक्काम लातूर. आजोबांनी घेतली, अण्णांनी पंचवीस वर्षं चालवली, आता चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. वर्षाकाठी दीड-दोन हजार किलोमीटर होतात. आजवर मिनरल, म्हणजे कच्च्या तेलातून गाळलेलं साधं ऑइल, २०डब्ल्यू-५० ग्रेडचंच (दाटपणाचा आकडा) पडत आलं. या वर्षी सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात घडवलेलं महागडं ऑइल, घालून बघायचं ठरवलं, त्याचा हा हिशेब.

मार्च, मीटर ६४,३१०

आधी इंजिन खालून धुतलं. चेंबरवर (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीवर) बोटभर कीट होतं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे येत होती, तेव्हा गाडी धुण्याचा विषयच नव्हता. तेव्हापासून धूळ आणि ऑइल मिळून जो थर बसला तो कुणी काढलाच नव्हता. डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन दोन दिवस गेले. अण्णा म्हणाले, "त्या किटणानंच गळती धरून ठेवलीय, खरवडू नकोस." त्यांचं म्हणणं पुढे बऱ्याच अंशी खरं निघालं.

इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल सोडलं, फुल सिंथेटिक १०डब्ल्यू-४० भरलं. पैसे अडीचपट गेले. रोज रात्री इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी ठिपके मोजायचे, असं सुरू केलं. पहिल्या आठवड्यात दोन-तीन ठिपके. सकाळचा स्टार्ट छान, टॅपिटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) आवाज लवकर शांत व्हायचा.

मे, मीटर ६४,९८०

सोलापूरहून परत येताना दुपारी दोनला तुळजापूरचा घाट चढलो. बाहेर त्रेचाळीस अंश. वर आल्यावर गाडी जागेवर चालू ठेवून ऑइल प्रेशर गेज बघितला (गेज मी वेगळा बसवलाय): काटा जेमतेम अर्ध्या किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला). मिनरलवर याच जागी, याच उन्हात एक किलो मिळायचं. घरी आल्यावर पुठ्ठ्यावर अकरा ठिपके, बहुतेक क्लच हाउसिंगच्या खाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडले जातात तिथे. डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मधोमध.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो. गांधी चौकाच्या पुढे त्यांचं गॅरेज आहे आणि आमच्या तीन पिढ्यांच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्यात. त्यांनी बोटावर ऑइल घेऊन चोळलं आणि विचारलं, "आधी पन्नास होतं ना? मग चाळीस कशाला टाकलं बेटा?"

तिथेच माझी चूक ध्यानात आली. मी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, ऑइलची जात आणि ग्रेडही. शंभर अंशाला ४० ग्रेडचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतो, ५०चा १६.३ ते २१.९. पस्तीस वर्षं झिजलेल्या बेअरिंगमध्ये हा फरक सरळ काट्यावर दिसतो. दोष सिंथेटिकला देऊन मोकळा होणार होतो, पण अर्धा तरी दोष आकड्याचा होता.

डब्ल्यूच्या आधीचा आकडाही आपण उगाच मनावर घेतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. तो थंडीतल्या वागण्याचा आकडा आहे आणि २०डब्ल्यूची चाचणीच शून्याखाली पंधरा-वीस अंशांवर होते. आपल्याकडे परभणीला डिसेंबरात पारा सात-आठवर आला की बातमी होते. जुन्या गाडीला इथे शून्यडब्ल्यूसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

जून, मीटर ६५,०४०

ते ऑइल काढून सिंथेटिकच, पण १५डब्ल्यू-५० घातलं. घाटाची तीच फेरी मुद्दाम पुन्हा केली, पाऊस लांबला होता म्हणून ऊनही तसंच मिळालं. प्रेशर पाऊण किलोच्या वर. ठिपके अकरावरून सहावर आले, पण थांबले नाहीत.

मग चाचांनी गिअरबॉक्स उतरवला. इंजिनाचं मागचं सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) हाताला प्लास्टिकसारखं कडक लागलं. सिंथेटिक रबर खातं, ही समजूत सत्तरच्या दशकातली आहे. तेव्हाच्या काही सिंथेटिकनी सील आकसायचे, आताच्या ऑइलमध्ये त्याची काळजी घेतलेली असते. पण कडक झालेल्या सीलला कुठलंच ऑइल पुन्हा मऊ करत नाही, आणि कीट निघालं की जुनी वाट मोकळी होते. सील नवं बसवलं, टॅपिट कव्हरचं पॅकिंगही बदललं.

कव्हर उघडलंच होतं तेव्हा आतला गाळ बघितला. पातळ थर, खरवडून निघेल असा. हा थर जाड असेल तर घाई करू नका. ऑइलमधल्या डिटर्जंटनं तो एकदम सुटला तर पंपाच्या जाळीवर बसतो आणि प्रेशरच जातं. अशा इंजिनात आधी साधंच ऑइल हजार-पाचशे किलोमीटरवर दोन-तीनदा बदलावं, हे माझं ठाम मत.

झिंकबद्दल

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पद्मिनीचं पुशरॉड इंजिन आहे, टॅपिट कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) घासत चालतं, मध्ये रोलर नाही. तिथे धातूला धातू लागू नये म्हणून ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरसचं संयुग असतं, झेडडीडीपी. फॉस्फरसनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचं धूर शुद्ध करणारं यंत्र) बिघडतो, म्हणून नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये त्याला कात्री लागली. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) हिच्या एसएन आणि एसपी दर्जाच्या २० व ३० ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर चालत नाही. ४० आणि ५० ग्रेडला ही कमाल मर्यादा नाही. आपल्या गाडीला कन्व्हर्टरच नाही. म्हणजे ५डब्ल्यू-३० कितीही महागाचं सिंथेटिक असो, या कॅमसाठी ते नको.

ऑगस्ट, मीटर ६५,६१०

चुलतभावाची २००३ची मारुती ८०० रोज औसा-लातूर करते. तिला सेमी सिंथेटिक १०डब्ल्यू-४० घातलंय, गळती नाही, तक्रार नाही. रोज पळणाऱ्या गाडीला ते परवडतं.

पद्मिनी मात्र मी परत मिनरल २०डब्ल्यू-५०वर आणली. सिंथेटिकचा मोठा फायदा म्हणजे ते उष्णतेत लवकर सडत नाही, जास्त किलोमीटर टिकतं. माझी गाडी तेवढी चालतच नाही. महिन्यातून चार वेळा बाजारापर्यंत जाते, इंजिन पुरतं तापत नाही, आणि पाण्याचा अंश व पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं. त्यात महागाचं ऑइलही तेवढंच खराब होतं. म्हणून वर्षातून दोनदा स्वस्त ऑइल बदलायचं, एकदा उन्हाळ्याच्या तोंडाला आणि एकदा पावसाळा सरल्यावर. मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळलं तर दही होतं असं काही जण सांगतात, ते खरं नाही. तळात राहिलेल्या पावशेर सिंथेटिकची मी फिकीर केली नाही.

जळालेलं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवलंय, भंगारवाला पोळ्यानंतर नेणार आहे. गावाकडून बैलगाडीच्या आसाला लावायला त्याची मागणी आली होती, पण ते मातीत सांडतं म्हणून दिलं नाही. वंगणाचा डबा विकत घेऊन पाठवला.

कालच्या पुठ्ठ्यावर एक ठिपका होता, तोही ड्रेन नटाखाली. तांब्याचा वॉशर आणलाय, रविवारी बसवतो.